निरोप घ्यायचा असतो, तो देणारे ते असतात

सोलापूरच्या एका मंडळीतील (म्हणजे चर्चमधील) २७ वर्षांच्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातील प्रश्न थोडक्यात देत आहोत.

संक्रांत झाल्यावर लगेच, मंडळीच्या सहा जणांच्या गटाबरोबर, त्या तीन महिन्यांच्या सेवेसाठी केनियाला गेल्या. किसुमू शहरापासून काही अंतरावरच्या एका गावात तिथल्या मंडळीची प्राथमिक शाळा आहे. तिथे त्या चौथीच्या मुलांना गणित शिकवतात, रविवारी शब्बाथ शाळा (मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग) घेतात आणि गावातील एका विधवा बाईंच्या घरी राहतात. एप्रिलमध्ये शाळेचे सत्र संपले की परतायचे आहे. पत्र लिहिताना हाती पाच आठवडे होते. त्या लिहितात : "गटप्रमुखांचे म्हणणे असे की मुलांना शेवटच्या रविवारपर्यंत काही सांगू नये, उपासनेनंतर निरोप समारंभ करावा, फोटो काढावेत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघावे, म्हणजे रडारड होणार नाही. मलाही ते बरे वाटते, कारण माझ्याने ते पाहवणार नाही. पण वर्गातील एक नऊ वर्षांची मुलगी, आजीजवळ राहणारी, रोज विचारते, 'म्वालिमू (म्हणजे बाई), तुम्ही पुढच्या वर्षी याल ना?' आपल्याकडे निघताना 'येते' म्हणतात, त्या सवयीने मी 'हो, येईन' म्हणून गेले. आता ती ते सगळ्यांना सांगत फिरते. ज्यांच्या घरी मी राहते त्या मामा (तिकडे आईला मामा म्हणतात) शेवटच्या रात्री माझ्यासाठी कोंबडी कापणार आहेत. त्यांच्याकडे चारच कोंबड्या आहेत. मला ते नको आहे. एका सहशिक्षकांनी मुलाच्या फीची अडचण सांगितली. त्यांना गुपचूप पैसे देऊन यावे का? मी गेल्यावर या मुलांचे काय होईल, या विचाराने झोप लागत नाही. निरोप कसा घेऊ?"

प्रिय भगिनी,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. आपल्या भाषेत जाणारा निरोप घेतो आणि मागे राहणारा तो देतो. जाणाऱ्याने मागायचे आणि राहणाऱ्याने द्यायचे, अशी ही दोघांची गोष्ट आहे. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि मला जाणवले की त्यात देणाऱ्यांना जागाच उरलेली नाही. मुलांना कधी सांगायचे हे गटप्रमुख ठरवणार, किती रडू येऊ द्यायचे हेही तेच ठरवणार, कोंबडी कापू द्यायची की नाही हे तुम्ही ठरवणार, आणि सहशिक्षकांना मदत करायची ती कोणाला न कळता. या सगळ्यामागे प्रेम आहे याविषयी मला शंका नाही. तरीही ज्यांच्यावर हे प्रेम आहे त्यांच्या हाती यात काहीच राहत नाही, हे तुम्ही पाहावे अशी माझी विनंती आहे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते त्याला कारण आहे. मी सोलापुरातच, मिशनच्या आवारात वाढले. आपल्या मंडळ्यांना परदेशाहून आलेल्या पाहुण्यांची सवय फार जुनी आहे. अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे काम सोलापुरातही सुरू झाले. त्या काळी येणारा माणूस महिनोन्‌महिने जहाजातून प्रवास करून येई आणि बहुधा आयुष्याची कित्येक वर्षे इथेच घालवी. माझ्या लहानपणी मात्र पाहुणे थोड्या दिवसांसाठी येऊ लागले होते. मी दहा वर्षांची असताना एक बाई दोन महिने आल्या आणि आम्हाला शब्बाथ शाळेत गाणी शिकवू लागल्या. त्या जाणार हे आम्हा मुलींना कुठूनतरी कळले, म्हणून आम्ही चौघींनी मिळून एका रुमालावर त्यांच्यासाठी भरतकाम सुरू केले. एका सोमवारी गेलो तर त्यांची खोली रिकामी. तुम्ही रडाल म्हणून सांगितले नाही, असे मोठ्यांनी सांगितले. पत्र पाठवीन असे त्या आधी कधीतरी म्हणाल्या होत्या. त्यामुळे पुढे वर्षभर मी पोस्टमन दिसला की फाटकापर्यंत धावत असे. त्यांच्यावर माझा राग नाही, त्या वयाने लहानच असाव्यात, तुमच्याएवढ्या. पण तो अर्धा भरलेला रुमाल पुष्कळ वर्षे आईच्या ट्रंकेत पडून होता, आणि तो दिसला की मला त्या गेल्याचे दुःख होत नसे. आम्हाला काही देता आले नाही, याचे होत असे.

तुम्ही आज त्या बाईंच्या जागी आहात आणि ती नऊ वर्षांची मुलगी माझ्या जागी आहे. म्हणून माझे पहिले सांगणे असे की मुलांना आताच सांगा. पाच आठवडे म्हणजे पाच रविवार. वर्गाच्या भिंतीवर एक साधा कागद लावा, त्यावर उरलेल्या दिवसांच्या चौकटी आखा आणि रोज एका मुलाला एक चौकट खोडू द्या. चौथीच्या मुलांना दिवस मोजता येतात, आणि जे मोजता येते त्याची भीती थोडी कमी होते. मुले रडतील. काही जण रुसतील, एखादा मुद्दाम वर्गात त्रास देईल, आणि जी सर्वांत जवळची आहे ती कदाचित तुमच्याशी बोलणेच सोडेल. हे सगळे तुम्ही तिथे असताना घडले, तर तुम्हाला तिच्याजवळ जाऊन बसता येईल. तुम्ही निघून गेल्यावर घडले, तर ते दुसऱ्या कोणाला निस्तरावे लागेल. रडारड टळत नाही, ती केवळ पुढे ढकलली जाते आणि तिचा भार गावावर पडतो. निघण्याच्या आदल्या दिवशी सांगितल्याने अश्रू वाचतील असे गटप्रमुखांना वाटते, ते बहुधा गटाच्या काळजीने. सहा जणांना पहाटे वेळेवर गाडीत बसवायची जबाबदारी त्यांच्यावर आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. "समारंभ रविवारीच होऊ द्या, पण माझ्या वर्गाला मी या आठवड्यात सांगते आणि मुख्याध्यापकांना आधी विचारते," एवढे म्हणा. मुख्याध्यापकांचा शब्द तिथे शेवटचा असला पाहिजे, तुमचा किंवा गटप्रमुखांचा नव्हे.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, याचे एक उदाहरण आहे, ते तुमच्या गटाच्या सायंप्रार्थनेत एकदा मोठ्याने वाचावे असे सुचवते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. प्रेषित पौलाने इफिस येथे तीन वर्षे काढली होती. तो मिलेत येथे थांबला, इफिसच्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांना, त्याने बोलावून घेतले आणि यापुढे माझे तोंड तुमच्या दृष्टीस पडणार नाही, असे त्यांना स्पष्ट सांगितले. मंडळीची राखण त्याने त्यांच्याकडे सोपवली. मग सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, ते सगळे फार रडले, त्याच्या गळ्यात पडले आणि त्याला जहाजापर्यंत पोहोचवायला गेले. पौलाला त्यांचे रडणे टाळता आले असते. या प्रवासात इफिसला तो थांबला नव्हताच, तसाच पुढे गेला असता तर कोणी दोष दिला नसता. त्याने माणसे पाठवून त्यांना बोलावले, आणि खोटी आशा दाखवली नाही.

आता त्या मुलीला दिलेल्या शब्दाबद्दल. तुमची चूक मला समजते, कारण ती आपल्या भाषेतून आली आहे. आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. ते अशुभ टाळण्यासाठी, आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते की हा शिष्टाचार आहे. तोच शब्द दुसऱ्या भाषेत गेला की त्यातला शिष्टाचार गळून पडतो आणि वचन तेवढे उरते. त्या मुलीने वचन ऐकले आहे. ते दुरुस्त करायचे ते तुम्हीच, आणि लवकर. तिच्या आजीच्या घरी जा, बरोबर तिच्या वर्गाच्या कायमच्या शिक्षिका असू द्या, म्हणजे भाषेचीही अडचण होणार नाही आणि तुमच्या माघारी ते शब्द ऐकलेले कोणी तिथे राहील. म्हणायचे ते साध्या वाक्यांत : "मी पुढच्या वर्षी येईन असे म्हटले होते. ते मी विचार न करता म्हटले. येणे माझ्या हाती नाही, आणि बहुधा मी येणार नाही. तुझ्याशी खोटे बोलायचे नव्हते, म्हणून सांगायला आले. तू वर्गात होतीस याचा मला फार आनंद झाला." त्यानंतर गप्प राहा. तिला समजावण्यासाठी नवीन काही कबूल करण्याचा मोह अनावर होईल. एखादी बाहुली, एखादा फोन नंबर, 'देवाची इच्छा असेल तर' असे अर्धवट वाक्य. देवाची इच्छा आपल्या संकोचाला झाकण्यासाठी वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

एकच गोष्ट कबूल करता येईल, आणि ती तुम्ही नक्की पाळणार असाल तरच करा. केनियात शाळेची वर्षात तीन सत्रे असतात. पुढचे वर्षभर प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला एक पत्र, संपूर्ण वर्गाच्या नावे, शाळेच्या पत्त्यावर. ती तीनच असतील हेही आधी सांगून ठेवा. एका मुलीच्या नावे पत्र आले तर उरलेल्या मुलांनी काय समजावे? शिवाय तिला वर्गात वेगळे करणे हे तिच्यावर केलेले उपकार ठरत नाहीत.

"मी गेल्यावर यांचे काय होईल" या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे. त्याचा उपहास मी मुळीच करणार नाही. ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याने मुलांना शिकवू नये. पण त्यात एक गृहीत धरलेले आहे, ते तपासून पाहा. तुमची मुले संध्याकाळी आपापल्या घरी जातात. त्यांना आजी आहे, मावशी आहे, मोठी भावंडे आहेत, आणि जानेवारीच्या आधीही त्यांना गणित शिकवणारे कोणीतरी होते. तुम्ही त्यांच्या आयुष्यातील एका सत्राचा भाग आहात, आणि तो चांगला भाग आहे. हे मान्य करणे म्हणजे तुमचे प्रेम कमी लेखणे नव्हे. जिथे मुले वसतिगृहात किंवा अनाथाश्रमात राहतात, तिथे मात्र हा प्रश्न खरोखरच गंभीर असतो, कारण तिथे जीव लावणारी माणसे सतत येत-जात राहिली तर मुलाला टिकणारा असा कोणी सापडत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पालकांच्या छत्राबाहेरील मुलांविषयी जो ठराव संमत केला, त्यात अनाथाश्रमांत जाऊन केल्या जाणाऱ्या स्वयंसेवेच्या आणि पर्यटनाच्या अपायांची दखल घेतलेली आहे. सोलापुरातून अशा सेवेला जाण्याचा विचार करणाऱ्या तरुण संघांनी मुलांना खेळवण्यासाठी चार आठवडे जाण्याऐवजी तिथल्या कायमच्या सेवकांना हातभार लागेल असे काम मागून घ्यावे.

तुमच्या बाबतीत झोप लागण्याचा उपाय हस्तांतर हाच आहे. शेवटचे दोन आठवडे तुम्ही एकटीने शिकवू नका. जे शिक्षक पुढे हा वर्ग घेणार आहेत त्यांना फळ्यापाशी उभे राहू द्या, तुम्ही मागच्या बाकावर बसा. एका वहीत प्रत्येक मुलासाठी चार ओळी लिहा : कोणाचा भागाकारात बाकी उरली की गोंधळ होतो, कोण चष्मा लागल्यासारखे फळ्याकडे डोळे बारीक करून पाहते, कोण तोंडी अचूक सांगते पण कागदावर चुकते. ही वही त्या शिक्षकांच्या हाती द्या. समारंभातील कोणत्याही भाषणापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल, आणि मुलांना हेही दिसेल की आपल्याला ओळखणारे माणूस अजून वर्गात आहे.

सहशिक्षकांच्या फीविषयी मी कडक बोलणार आहे. गुपचूप देऊ नका. केनियात सरकारी प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, पण माध्यमिक शाळा निवासी असली की खर्च मोठा होतो, त्यामुळे त्यांची अडचण खरी असणार. तरीही जाता जाता हातात कोंबलेल्या पैशाने तुमच्या दोघांमधील सहकाऱ्याचे नाते बदलते, इतर शिक्षकांना ते कधीतरी कळतेच, आणि पुढच्या सत्राची फी कोण भरणार हा प्रश्न तसाच राहतो. त्यांनाच विचारा की ही गोष्ट तिथल्या पाळकांना सांगितलेली चालेल का. चालत असेल तर गटाने मिळून, एकदाच, तिथल्या मंडळीच्या हाती रक्कम द्यावी आणि पुढे काही पाठवणार नसाल तर तसे सांगावे. पुढे पाठवायचेच असेल तर भारतातून परदेशी पैसे पाठवण्याचे नियम परतल्यावर बँकेत विचारून घ्या, मगच तोंडातून आकडा काढा.

आणि कोंबडी. भगिनी, कोंबडी कापू द्या. चारांतील एक जाते म्हणून तुमचा जीव तुटतो, हे मला समजते. आपल्या आयांनीही पाहुण्यासाठी डब्यातले शेवटचे तूप काढलेले आपण पाहिले आहे, आणि कोणी 'नको' म्हटले असते तर त्यांचा चेहरा कसा उतरला असता हेही आपल्याला ठाऊक आहे. स्वाहिलीत एक म्हण आहे : पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. मामांनी तुम्हाला तीन महिने घरचे माणूस म्हणून वागवले; पाणी भरायला नेले, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) घोटायला शिकवले. आता शेवटच्या रात्री त्या तुम्हाला पुन्हा पाहुणी करणार आहेत. तो मान देण्याचा अधिकार त्यांचा आहे. त्या तुम्हाला निरोप देत आहेत. पोटभर जेवा, वाढले तेवढे घ्या, आणि नंतर त्याची भरपाई म्हणून पैसे ठेवून येऊ नका. त्यांनी कांगा, म्हणजे स्वाहिली वचन छापलेले ते सुती वस्त्र, अंगावर घातले तर त्यावरचे वचन काय आहे ते त्यांच्याकडून वाचून घ्या.

मंडळीने तुमच्याबरोबर सोलापुरी चादर दिली आहे असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ती समारंभात सत्काराची शाल पांघरावी तशी देऊ नका. ती घरी द्या, आणि निघण्याच्या दोनतीन आठवडे आधी द्या. मार्चपासून तिकडे मोठा पाऊस सुरू होतो, रात्री गारवा असतो. तुम्ही त्या घरात असताना ती वापरली गेली, तर ती भेटवस्तू न राहता घरातील पांघरूण होईल. ती कुठे विणली जाते, आपल्या गावात मागावर बसणाऱ्यांत किती तेलुगू आणि कन्नड बोलणारे आहेत, हेही सांगा. मामा स्वतः घरी लुओ बोलतात, मंडळीत स्वाहिली आणि शाळेत इंग्रजी ऐकतात. तीन भाषांचे गाव त्यांना लगेच कळेल.

स्वाहिलीत निरोपाचा शब्द 'क्वाहेरी'. 'हेरी' म्हणजे भले, कल्याण. एका माणसाला 'क्वाहेरी' म्हणतात आणि अनेकांना 'क्वाहेरिनी'. रविवारच्या समारंभात तुम्ही 'क्वाहेरिनी' म्हणाल, ते योग्यच आहे. मात्र शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी दोनतीन घरी जाऊन एकेकाला 'क्वाहेरी' म्हणण्याचा वेळ राखून ठेवा. स्वयंपाकाच्या बाई, शाळेचा पहारेकरी, ज्यांच्याशी कधी खटका उडाला ते गृहस्थ, यांना आधी गाठा. कोणाला दुखावले असेल तर क्षमा मागा. पत्रातून मागितलेल्या क्षमेला इतक्या दुरून उत्तर देणे कोणालाही कठीण जाते. मुलीच्या आजीकडे मात्र लुओ भाषेतला एक शब्द घेऊन जा : 'एरोकामानो', म्हणजे आभारी आहे. उच्चार आधी मामांकडून घोटून घ्या.

फोटोंविषयी थोडक्यात. मुलांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर लावू नका. रडणाऱ्या मुलाचा फोटो तर कोणाच्याही परवानगीने नको.

परतल्यावर मंडळीत अहवाल द्यावा लागेल. तुमच्या प्रवासासाठी स्त्रियांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकून पैसे जमवले, त्यांना ऐकायचा अधिकार आहे. तिथे आपण काय दिले याची यादी वाचण्यापेक्षा तुम्हाला काय मिळाले ते सांगा, आणि शाळेतील शिक्षकांना पुढे प्रार्थनेत आठवा, नावांनिशी. पहिले काही आठवडे तुम्ही घरात असूनही नसल्यासारख्या वागाल. एप्रिलचे ऊन, तीच गल्ली, आणि 'कसे होते आफ्रिका' असे विचारून उत्तराआधी विषय बदलणारी माणसे. हे दुःख कृतघ्नपणा नव्हे. गटातील सहा जणांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, कारण तुमचे बोलणे अर्ध्या वाक्यात समजणारे तेवढेच असतील.

ज्या वाचकांनी अशीच एखादी सेवा, शिबिर किंवा नोकरी न सांगता सोडली आहे, आणि हे वाचताना ज्यांना कोणाचा तरी चेहरा आठवला आहे, त्यांनी उशीर झाला असे समजू नये. "मी तुम्हाला न भेटता निघाले, ते बरोबर केले नाही," असे एका पोस्टकार्डावर मावते. आणि ज्या सोलापूरकर घरांत परदेशी पाहुणे येऊन राहतात, त्यांनी पाहुण्याला निघण्याची तारीख मुलांच्या देखत विचारावी आणि मुलांच्या हातून काहीतरी करवून द्यावे.

तुम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सोलापूर स्टेशनवर उतराल, तेव्हा पुढचे सत्र सुरू व्हायला फार दिवस उरलेले नसतील. पहिल्या पत्राची तारीख त्याच दिवशी घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आणि ते पत्र पोस्टात टाकलेत की मला दोन ओळी कळवा. मी वाट पाहीन.